सासरेबुवांची कवळी

ही हकीकत मी मराठीत लिहितोय, कारण ती पहिल्यांदा सांगितली तेव्हाही मला मराठीचाच भरवसा वाटला होता. तो भरवसा चुकीचा होता. पण आता लपवायचं काही नाही, तेव्हा भाषा बदलण्याचंही कारण नाही.

मी दातांचा डॉक्टर. मुंबईत शिकलो आणि सरकारी करारावर एका लहान देशात नोकरीला गेलो. देशाचं नाव लिहीत नाही. या गोष्टीतल्या माणसांचे नातलग अजून तिथे आहेत. गेली काही वर्षं मी मुलाकडे असतो, मेलबर्नला, पॉइंट कुकमध्ये.

त्या देशावर एकाच माणसाची सत्ता होती. त्याला जेवताना कोणी पाहिलेलं नव्हतं. त्याचा वाढदिवस कधी असतो, तो रात्री कुठल्या घरात झोपतो, त्याला मुलं किती, हे विचारणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर दिसत नसे. आवाज मात्र रोज रेडिओवर, आणि चेहरा प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर. फोटोत तोंड कायम मिटलेलं. आम्ही चार मराठी कुटुंबं होतो आणि त्याचं नाव घरातसुद्धा घेत नव्हतो. सासरेबुवा म्हणायचो. ‘आज सासरेबुवा रागावलेत’ म्हणजे संध्याकाळी बाहेर पडू नका.

सासरेबुवांनी माझ्यासमोर तोंड उघडलं तेव्हा आत एकही धड दात नव्हता. ते येणार त्या दिवशी इस्पितळाचा तो मजला रिकामा करत, खिडक्यांवर चादरी लावत. मी हळूहळू सगळे दात काढले. सुई दिसली की हा माणूस माझं मनगट घट्ट धरायचा. त्याने मला एकदाच काही विचारलं. “डॉक्टर, बोलताना माझा आवाज बदललाय का?” मी नाही म्हणालो. बदलला होता.

कवळी करून दिली ती आमच्या लॅबच्या टेक्निशियनने. तिथलाच माणूस, वयाने माझ्याहून लहान, अबोल. ही कवळी कोणाची, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. रक्षकांनासुद्धा फक्त ‘उपचार’ एवढंच सांगितलेलं असे. एकदा कवळी हिरडीला लागायला लागली म्हणून ती घासायला लॅबमध्ये आली. नेमकं त्याच संध्याकाळी रेडिओवर सासरेबुवांचं जुनं, आधी ध्वनिमुद्रित केलेलं भाषण लागलं.

दुसऱ्या दिवशी मी पावाच्या रांगेत उभा होतो. पुढे आमच्यातलाच एक इंजिनियर, माझा मित्र.

“काल ऐकलंस का?” तो म्हणाला. “शत्रूला दातांनी फाडून काढतील म्हणे सासरेबुवा.”

“कसले फाडतायत! दात तर तेव्हा माझ्याकडे वाटीत बुडवून ठेवले होते.”

“चल, फेकू नकोस.”

“तुझी शप्पथ. सगळी बत्तिशी. घरी बसून पेज पीत असतील बिचारे.”

आपल्या माणसांना परदेशात ही खोड असतेच. चारचौघांत उभं राहून, समोरच्याबद्दल, मोठ्या आवाजात, बिनधास्त मराठीत. कोणाला कळतंय! भाषा कोणालाच कळली नाही, हे खरं. पण मी भिंतीवरच्या फोटोकडे मान उडवली होती, दोन बोटांनी तोंडातून कवळी ओढून काढल्यासारखं केलं होतं, आणि ती हवेतल्या वाटीत टाकून वर झाकण ठेवलं होतं. मित्र पोट धरून हसला. रांग आमच्याकडे बघत होती.

आठवडाभरात बाजारातली पोरं फोटोसमोर तोच हातवारा करायला लागली.

सुरक्षा खात्याच्या माणसाने मला कचेरीत बोलावलं. “डॉक्टर, तुम्ही कोणाला बोललात?” मी नाही म्हणालो. जाणणारे आम्ही दोघंच. माझ्या ‘नाही’चा अर्थ काय होतो ते मला तेव्हाही कळत होतं. टेक्निशियनला त्याच रात्री नेलं. तो परत आला नाही. करार संपताच मी बायकोमुलासकट निघून आलो.

पुढे ती सत्ता कोसळली. शेवटच्या दिवसांत हजारो लोक चौकात उभे राहून दोन बोटांनी कवळी ओढून दाखवत होते. ते मी टीव्हीवर पाहिलं आणि टीव्ही बंद केला.

यंदा मला एका बाईचा फोन आला. त्या टेक्निशियनची मुलगी. इथेच, मेलबर्नमध्ये असते. इंटरनेटवर शोधत शोधत माझ्यापर्यंत पोचली होती. त्या देशाची माणसं दर वर्षी एका हॉलमध्ये जमून तिच्या वडिलांची आठवण काढतात. सत्तेला पहिला धक्का देणारा निडर माणूस म्हणून. मुलं स्टेजवर तो हातवारा करतात. “बाबांबरोबर काम केलेले तुम्ही एकटेच उरलात,” ती म्हणाली. “तुम्ही बोलाल ना?”

मी मुलाला सगळं सांगितलं. तो गाडी धूत होता. नळ बंद न करताच म्हणाला, “बाबा, आता कशाला उकरून काढताय? ती खूश आहे ना? लीव्ह इट.”

“ज्याचा तिला अभिमान आहे तो तिचा बाप नाही. तो मी आहे. आणि मी पळून आलो.”

“मग इतकी वर्षं गप्प का बसलात?”

“भ्यालो म्हणून. तू नळ बंद कर.”

ती रविवारी घरी आली. नातीने चहा ठेवला आणि “आबा, यू ओके?” असं विचारून आत गेली. मी काही मागेपुढे न पाहता सांगून टाकलं. पाव, रांग, फोटो, बोटं, कचेरीतलं ‘नाही’.

ती म्हणाली, “म्हणजे आता हार तुम्हाला घालायचे?”

“नाही. मी शौर्य केलं नव्हतं. मी विनोद केला होता.”

“आणि बाबा कोणाला काहीच बोलले नव्हते?”

“एक अक्षर नाही. तो मला गुड मॉर्निंगसुद्धा मान हलवूनच करायचा.”

तिला हसू फुटलं आणि त्याचा तिलाच राग आला. कप खाली ठेवून तिने विचारलं, “पण त्यांना कळलं असेल ना, कोण बोललं ते?”

“दोघांनाच माहीत होतं. तो बोलला नव्हता. उरलो मी.”

“आणि त्यांना विचारलं असेल. पुन्हा पुन्हा.”

“असणारच.”

“मग तुमच्याकडे परत कोणी आलं?”

“नाही. विमानात बसेपर्यंत कोणीही नाही.”

ती उठली. रडली नाही. “हे तुम्ही हॉलमध्ये सांगायचं, डॉक्टर. मला एकटीला सांगून सुटायचं नाही.”

मी सांगितलं. माइक हातात धरून, इंग्रजीत, साध्या शब्दांत. तो हातवारा मी केला नाही. मागून एक म्हातारा उभा राहून ओरडला, “तेव्हा तोंड का नाही उघडलंस?” मी म्हणालो, जीव प्यारा होता. काही लोक उठून गेले. एका बाईने आपल्या मुलांना स्टेजच्या पायऱ्यांवरून खाली ओढून घेतलं. मी जागेवरून हललो नाही, कारण सांगायचं अजून संपलं नव्हतं. एका शब्दावर त्याची सुटका होऊ शकत होती आणि तो शब्द म्हणजे माझं नाव होतं, तो त्याने उच्चारला नाही, हे मी दोनदा सांगितलं.

मुलगी पहिल्या रांगेत होती. तिने बसल्या जागेवरून विचारलं, “बाबा काम कसं करायचे?”

हे तिला आजवर कोणी सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांनी फक्त त्याचं धाडस सांगितलं होतं. मी सांगितलं, तो मेण तापवताना ओठ मुडपून घ्यायचा. तयार झालेली कवळी खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून बघायचा, आणि गरिबाची असो की त्या माणसाची, मनासारखी झाली नाही तर मला न विचारता मोडून पुन्हा करायचा.

“अजून?” ती म्हणाली.

मी खुर्ची मागितली आणि बसून सांगू लागलो.