आईनं दिलेली मिठाची पुडी

ताई, अमळनेर स्टेशनावर आईनं माझ्या हातात जाड्या मिठाची पुडी ठेवली, ती तुझ्या जुन्या फ्रॉकच्या फडक्यात बांधलेली होती. "सोतानं घर व्हई ना, तवयच सोडजो," म्हणाली. स्वतःच्या नव्या घरात पहिलं मीठ न्यायचं, हा आपला रिवाज. मी म्हटलं, दोन वर्षांत सोडतो बघ. गाडी हलली आणि तू भाकरीचा डबा घेऊन पळत आलीस, तो तुझ्याच हातात राहिला.

त्याला चौदा वर्षं झाली. सुरतेत पाच खोल्या बदलल्या, सगळ्या भाड्याच्या. दर वेळी सामान टेम्पोत आणि पुडी माझ्या खिशात. इथली हवा दमट, त्यामुळे आत मिठाचा दगड झाला. सोडली मात्र नाही.

इथल्या सचिन भागात कापड रंगवायच्या डाईंगमध्ये बारा तास रंगात असतो मी. साबणानं घासले तरी हात निळेच. रविवारी तर रंग डोळ्यासमोर नको वाटतो. त्यात मागच्या रविवारी आपली श्रुती रंगपेटी घेऊन बसली. शाळेतून चित्र सांगितलं होतं, 'मारुं घर', म्हणजे माझं घर. पाण्याचे रंग आणि मीठ वापरून करायचं.

मला वाटलं, हा तर आपला रोजचा धंदा. सुती कापड रंगवताना आम्ही रंगाच्या पाण्यात मीठ विरघळवतो, म्हणजे रंग कापडाला धरतो. मी घरातलं होतं नव्हतं तेवढं बारीक मीठ तिच्या रंगाच्या वाटीत ओतून ढवळलं. कागदावर काही म्हणजे काही झालं नाही.

"पप्पा, एमां नहीं, उपर नाखवानुं होय," ती हळूच म्हणाली. ओल्या रंगावर खडे टाकायचे, ते पाणी ओढून घेतात आणि चांदण्या उमटतात म्हणे. पोरीसमोर चांगलीच फजिती झाली माझी. मीठ संपलं, खालचं दुकान दुपारचं बंद, आणि बायको भाजीसाठी मीठ शोधतेय.

मग चित्र नीट बघितलं. मला वाटलं होतं, गाव काढलं असेल, दर सुट्टीत नेतो की तिला. पण कागदावर आम्ही आता राहतो ती पर्वत पाटिया भागातली हीच भाड्याची खोली होती. लोखंडी जिना, गॅलरीतली टाकी, आणि दारात मी, निळ्या हातांचा. गाव का नाही काढलंस, विचारलं. म्हणाली, "ते आजीचं घर आहे ना."

मी फळीवरची पुडी काढली. बायको म्हणाली, "अहो, ती नको." तोवर गाठ सुटली होती. बत्त्यानं मीठ फोडलं, श्रुतीनं आभाळाला पुन्हा ओला निळा रंग दिला आणि मी वरून खडे टाकले. खड्याखड्याभोवती पांढरी चांदणी फुटायला लागली. ती हरखून गेली आणि मला रडू आलं. थकलोय गं मी, ताई.

संध्याकाळी आईचा फोन आला. नेहमीसारखं तिनं शेवटी विचारलं, "घर व्हयनं का?" एरवी मी "व्हई, माय", होईल म्हणून वेळ मारून नेतो. या वेळी म्हणालो, "व्हयनं. पुडी सोडी आज." ती इतकी सुखावली की कुणाचं घर, हे तिनं विचारलंच नाही.

तू विचारशील, म्हणून लिहितोय. तुझ्या भाचीचं झालं, ताई. माझं आता व्हायचं नाही. तिनं दारात मला काढलंय, तेवढी जागा पुरे आहे मला.