खाडीत टाकलेला शाफ्ट

मळणीचे दिवस आले आणि रस्त्याने एखादा जुना ट्रॅक्टर धडधडत गेला, की रोहा तालुक्यातलं एक प्रकरण मला हटकून आठवतं. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेच आता विसरलो. हे तसं पाहिलं तर साधं अकस्मात मृत्यूचं प्रकरण होतं, पण ते काही डोक्यातून जात नाही. माणसं अजून तिथेच नांदतात, म्हणून नावं सांगत नाही. गावाचंही नाही.

कुंडलिकेच्या खाडीकडचं गाव. दोन भाऊ, एकत्र घर. थोरला शेती बघायचा. धाकटा कंपनीत शिफ्टला जायचा आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर उघडून बसायचा. धाकट्याचं लग्न झालेलं नव्हतं. थोरल्याच्या बायकोने त्याला लहानाचा मोठा होताना पाहिलेलं.

एका दुपारी भाताची मळणी चालू असताना थोरल्याच्या गळ्यातला टॉवेल पीटीओ शाफ्टमध्ये अडकला. ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा हा लोखंडी दांडा इंजिनाची ताकद मळणी यंत्राला पोचवतो. फिरत्या शाफ्टमध्ये कपडा सापडला, तर माणसाला हात वर करायलाही उसंत मिळत नाही. शेजारच्या शेतातली माणसं धावली, त्यांनी इंजिन बंद केलं, पण रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आमच्याकडे अकस्मात मृत्यूची नोंद झाली. संध्याकाळच्या आत हवालदाराला आणि दोन पंचांना घेऊन मी खळ्यावर गेलो. ट्रॅक्टर होता, यंत्र होतं, अर्धवट झोडलेलं भात होतं. मधला शाफ्ट मात्र जागेवर नव्हता. त्याची पिन ओढल्याशिवाय तो निघत नाही, म्हणजे कोणीतरी तो मुद्दाम काढून नेला होता. जमलेल्यांना विचारलं तर जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. पंचनाम्यात 'शाफ्ट मिळून आला नाही' असं लिहिलं तेव्हाच मला हे प्रकरण सरळ वाटेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने तो माझ्याकडे दिला. बाईचा दबका आवाज होता.

"शाफ्ट धाकट्यानं खाडीत टाकलाय. त्याला आजच घेऊन जावा."

फोन लगेच बंद झाला. तो गावातल्या दुकानातून आला होता आणि दुकानदाराला नेमकी ती बाई आठवत नव्हती. गावात असं विस्मरण पोलिसांना पाहूनच होतं.

चौकशीत एवढं कळलं, की दोघा भावांचा ट्रॅक्टरवरून वाद होता. धाकट्याचं म्हणणं, हा आता भंगारात द्यावा. थोरला ऐकायला तयार नव्हता. मळणीच्या आदल्या दिवशी अंगणात दोघांचे आवाज चढले होते, ते आळीने ऐकलं होतं. हवालदार म्हणाला, "साहेब, दुसरं काय पाहिजे?" त्याचं चुकत नव्हतं. भाऊबंदकीतले खून आम्ही दोघांनी पाहिले होते.

धाकट्याला चौकशीला आणलं. तिशीच्या आतला, हातांना ग्रीसचे डाग, डोळे कोरडे. बसायला सांगितलं तरी उभाच राहिला. मी अजून काही विचारलंही नव्हतं.

"मीच मारला दादाला," तो म्हणाला. "लिवून घ्या."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे एक. दुसरं, आरोपी कबूल होतो तेव्हा साधारणपणे एखादी फट ठेवतो. नाइलाज होता, राग आला होता, असं काहीतरी. हा माणूस स्वतःसाठी काहीच ठेवत नव्हता. मी लिहून घेतलं नाही. शाफ्ट कुठे आहे, तेवढं विचारलं.

ओहोटीला त्याने पंचांसमोर जागा दाखवली. गाळात गुडघाभर उतरून शाफ्ट बाहेर काढला. टोकाच्या जोडावर ताजं वेल्डिंग होतं. वरचं प्लास्टिकचं कव्हर, जे माणसाचा कपडा दांड्यापासून लांब ठेवतं, ते नव्हतंच. आणि पिनेच्या जागी एक लांब बोल्ट घातलेला होता, त्याचं डोकं बाहेर आलेलं. टॉवेलचा धागा त्यालाच गुंडाळलेला होता.

धाकट्याने सांगितलं ते असं. कव्हर फुटलं तेव्हा त्यानेच काढून टाकलं होतं. पिन तुटली तेव्हा हाताशी होता तो बोल्ट त्यानेच ठोकला होता. नवीन आणू आणू म्हणता ते राहून गेलं. अपघाताचा निरोप मिळताच तो कंपनीतून धावत आला आणि तो दांडा डोळ्यांसमोर नको म्हणून काढून खाडीत फेकला. वेल्डिंग कुठे केलंस, विचारल्यावर मात्र मान खाली घातली.

जुन्या ट्रॅक्टरची कामं करणारे गॅरेजवाले आमच्या भागात फार नाहीत. रोह्यात विचारत विचारत पेणला पोचलो. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीपुढे शाफ्ट ठेवला, तसा तो हातातला पाना खाली ठेवून बाकावर बसला. त्याला बातमी कळलेली होती. पोलीस येणार म्हणून तो वाटच बघत होता.

त्याच्या जबाबातून प्रकरण उलगडलं. जोडाला तडा गेला म्हणून धाकट्याने शाफ्ट स्वतः त्याच्याकडे आणून दिला होता. मिस्त्रीने तडा भरला, पण कव्हर आणि पिन मागवायला लागणार होती. धाकट्याने बजावलं होतं, कव्हर बसवल्याशिवाय शाफ्ट द्यायचा नाही, दादा आला तरी नाही. अंगणातलं भांडणही त्यावरूनच होतं. भात खळ्यावर पडून राहिलं म्हणून थोरल्याला घाई, धाकटा म्हणे थांब. घटनेच्या दिवशी धाकटा शिफ्टला गेला आणि थोरला सकाळीच पेणला येऊन हट्टाने शाफ्ट घेऊन गेला.

"मी द्यायला नको होता, साहेब," मिस्त्री म्हणाला. "दोष माझा हाय."

ठाण्यात परत येऊन मी धाकट्याला विचारलं, हे तू का सांगितलं नाहीस? त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"गेलेल्या माणसावर दोष कसा टाकू? लोक म्हनतील, सोताच्या घाईनं मेला."

वहिनीचा जबाब राहिला होता, म्हणून तिच्या घरी गेलो. मिस्त्रीने सांगितलेलं सगळं तिला सांगितलं आणि म्हणालो, तुमच्या दिराला सोडतो आहे. मला वाटलं होतं, तिला हलकं वाटेल.

"आज नका सोडू," ती म्हणाली.

तेव्हा आवाज ओळखला. फोन तिनेच केला होता. रागाने नाही. नवऱ्याला अग्नी दिल्यापासून दीर जेवला नव्हता, कोणाशी बोलत नव्हता, सारखा खाडीच्या बांधाकडे जात होता. घरात तिची दोन लहान मुलं, रडणारी सासू. त्याच्यावर नजर ठेवणार कोण? "तुमच्या इथं माणसं जागी असतात," ती म्हणाली. "तिथं त्याला कोन मरू देनार नाय."

कायद्याने मला त्याला ठेवून घेता येत नव्हतं. तसं सांगितल्यावर ती म्हणाली, मग मीच न्यायला येते. सुतकात, नवरा जाऊन आठवडा झालेला नसताना, ती रिक्षाने ठाण्यात आली. गावाने त्याबद्दल पुढे बरंच तोंड चालवलं. धाकटा भिंतीकडे तोंड करून बसला. मीच मारला, हेच परत पुटपुटला.

"भावजी, सकाळी ह्यांना चहा मी करून दिला," ती शांतपणे म्हणाली. "कुठं चाललात, इचारलं नाय. इचारलं असतं तर थांबले असते. मंग मी पन मारलं का त्यांना? बोला."

तो गुडघ्यांत डोकं घालून रडला, आणि हवालदार उठून बाहेर निघून गेला.

"चला," ती म्हणाली. "दहाव्याला पिंड तुमालाच ठेवायचाय."

घातपात नसल्याचा अहवाल पाठवून आम्ही कागद बंद केला. मुद्देमाल परत घ्यायला धाकटा तयार नव्हता. भंगारात टाका म्हणाला. वहिनीने ऐकलं नाही. शाफ्ट घेऊन ती त्याच्याबरोबर पेणला गेली. मिस्त्रीने आणि त्याने मिळून नवा जोड, बरोबर मापाची पिन आणि कव्हर बसवलं. पुढच्या हंगामात मी त्या बाजूने जाताना मुद्दाम थांबलो. मळणी चालू होती, वहिनी भारे पुढे सरकवत होती आणि इंजिन बंद झाल्याशिवाय धाकटा कोणालाही शाफ्टच्या बाजूला फिरकू देत नव्हता.

चौकशी म्हणजे दोष कोणाचा ते शोधणं, असं आम्हाला शिकवलं होतं, आणि आयुष्यभर मी माणसांना तो एकमेकांवर ढकलताना पाहिलं. इथे तिघं तो आपापल्या अंगावर ओढून घेत होते. खोटं तिघांपैकी कोणीच बोलत नव्हतं. अशा वेळी पोलिसाने लिहायची घाई करू नये. आधी त्या माणसाला जेवायला घालावं, आणि त्याला घरी न्यायला कोण येईल, ते शोधावं.