कप्तानाची शाबासकी

नोंग पिदियोला स्वतःचं असं मत नव्हतं. लहानपणी असेल कदाचित. जहाजावर नोकरीला लागला तेव्हा बंदरातच कुठेतरी टाकून गेला असावा. आपल्या लोकांबद्दल काहीही बोलायचं झालं की आधी एखादा परदेशी साक्षीदार उभा करायचा, ही त्याची खोड.

"जपानी म्हणतात, फिलिपिनो माणूस कामाला चांगला, पण वेळेच्या नावाने बोंब." नाहीतर, "ग्रीक म्हणतात, हे लोक मान हलवून हो म्हणतात, पुढे काय करतात ते देवालाच ठाऊक." हे सगळं तो शेजारच्या गोर्योच्या अंगणात बसून, गोर्योचीच माडी पीत ऐकवायचा.

एकदा गोर्यो वैतागला. "आणि आपण काय म्हणतो, नोंग? आपल्याला कुणी विचारतच नाही का?"

"आपण काय म्हणणार? आपण दात काढतो," पिदियो म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन त्याने पेला पुढे केला.

थोरल्याला नोंग म्हणायची गल्लीची रीत, म्हणून त्याच्या नावाआधी नोंग लागलं. मान होता म्हणून नव्हे.

सिबुलानच्या किनाऱ्यालगतच्या या गल्लीत तो कोळ्याच्या पोटी जन्मला. पुढे मालवाहू जहाजावर अधिकाऱ्यांच्या जेवणघरात वाढपी झाला आणि केस पिकेपर्यंत वाढपीच राहिला. त्यात कमीपणा काहीच नाही. पण परत आल्यावर त्याने गल्लीतलं पहिलं दुमजली घर बांधलं आणि त्या घरात साहेबाचे कायदे लावले. हाताने जेवायचं नाही. सुकी मासळी तळायची नाही, कारण डेन्मार्कच्या एका कप्तानाने कधीकाळी त्या वासाने नाक धरलं होतं. त्याची आई, सगळ्या गल्लीची लोला, म्हणजे आजी, तिकाय, दुपारी मागच्या दाराने निसटायची आणि मुलीच्या, लुर्दिताच्या घरी जाऊन पाचही बोटांनी भात आणि तळलेली मासळी ओरपायची. मग साबण लावून हात खसाखसा धुवायची.

"अजून वास येतोय का गं?"

"येऊ दे की, आई. घर त्याचं, पण नाक कप्तानाचं. तो कुठे बसलाय इथे हुंगायला?"

म्हातारी खुदकन हसायची. तिला मरणाची भीती नव्हती. मेल्यावर एकटं पडायची होती. आमच्याकडे मयत घरात आहे तोवर क्षणभरही त्याला एकटं सोडत नाहीत. पत्त्यांचे डाव पडतात, गाणी होतात, आलं घातलेली कोंबडीची पेज शिजते. माणसं जागी राहतात, आणि गेलेल्याला सोबत होते. तिने गोर्योला आधीच बजावून ठेवलं होतं, "माझ्या वेळेला पत्ते कोरे आण हो. आणि पुरिंगवर नजर ठेव, ती रडीचा डाव खेळते."

"लोला, तू तर मेलेली असशील. तुला काय त्याचं?"

"मेले म्हणून काय झालं? दिसणार नाही का मला?"

पिदियोचा राग होता तो नेमका याच प्रकारावर, आणि त्या रागाच्या मुळाशी एक फोटो होता. त्याचा बाप गेला तेव्हा तो भर समुद्रात होता. घरच्यांनी रीतीप्रमाणे फोटो काढून पाठवला: मधे शवपेटी, भोवती सगळी गल्ली दाटीवाटीने उभी, सगळे हसताहेत, मागे पत्त्यांचं टेबल. त्याने तो वाढप्यांच्या खोलीत भिंतीला लावला. त्या डेन्मार्कच्या कप्तानाने तो पाहिला आणि उचलून जेवणाच्या टेबलावर नेला. फोटो हातोहात फिरला. "तुमच्याकडे माणूस मेला की जत्रा भरते काय रे?" कप्तानाने विचारलं. टेबल खदखदलं. पिदियो हातात सुपाचं भांडं घेऊन उभा होता. तोही हसला. मेलेल्या बापावर, त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या आईवर, तो त्या लोकांच्या बरोबरीने हसला, आणि मग त्याने सूप वाढलं. एवढं करूनही राग धरला तो कुणावर? तर फोटोतल्या माणसांवर.

आणि योग असा, की लोला तिकाय गेली त्याच आठवड्यात तो कप्तान बायकोला घेऊन जवळच्या दुमागेते शहरात सुटीवर आला होता. निवृत्त झालेला, पोट सुटलेला. पिदियोने त्याला जेवायला बोलावलं होतं. आता फोनवर आईची बातमी दिली. कप्तान म्हणाला, मग आम्ही भेटून जाऊ. झालं! आईसाठी डोळ्यांत आलेलं पाणी खळतं ना खळतं, तोच हा कामाला लागला. आई तर गेलीच होती. आता कप्तानापुढे अब्रू जाता कामा नये.

गोर्यो कोरे पत्ते घेऊन आला, तर याने त्याला दारातच अडवलं. "पत्ते नकोत. गाणं नको. फोटो तर बिलकूल नको. शांतपणे यायचं, पाच मिनिटं मान खाली घालून उभं राहायचं, निघायचं. सगळ्या जगात असंच करतात."

"सगळं जग तिकायला ओळखत होतं का?" गोर्यो म्हणाला.

"तुला समजणार नाही."

"नाही समजणार, नोंग. मी कुठे कुणाला सूप वाढलंय?"

लुर्दिता भांडली, रडली. पण घर त्याचं होतं, शवपेटी त्याच्या पैशाची होती. तिने नाइलाजाने पेजेचं भांडं उचललं आणि गोर्योच्या घरी नेऊन ठेवलं.

तरीही लोक आले. आईसाठी आले, मान खाली घालून उभे राहिले. पण पिदियोने आणखी एक शहाणपणा केला. मयताच्या घरातून कुणी निघालं तर त्याचे आभार मानायचे नाहीत, त्याला पोचवायला दारापर्यंतसुद्धा जायचं नाही. पोचवलं तर त्याच्या मागोमाग मरण त्याच्या घरी जातं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हा पठ्ठ्या एकेकाचा हात हातात घेऊन आभार मानत थेट फाटकापर्यंत पोचवायला लागला. साहेब लोक तसंच करतात ना! पुरिंगच्या घरी पोटुशी सून होती. त्याने हात धरताच पुरिंग पांढरीफटक पडली.

"सोड, नोंग. तुझ्या पाया पडते, मला पोचवू नकोस."

"अडाणी आहात सगळे," पिदियो म्हणाला आणि तिला फाटकापर्यंत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी कुणी फिरकलं नाही. पिदियोला वाटलं, चला, शिस्त लागली.

कप्तान आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पुढच्या खोलीत पांढरी फुलं, पेटीशेजारी दोन दिवे, ओळीने मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या, आणि कोपऱ्यात लुर्दिता. कप्तानाने पेटीच्या काचेतून म्हातारीकडे पाहिलं, बायकोने हातरुमाल डोळ्यांना लावला.

"फारच सभ्य," कप्तान हळू आवाजात म्हणाला. "खरं सांगू? मला वाटलं होतं इथे गोंधळ असेल. तुमच्या लोकांचं ऐकून आहे मी. पण हे अगदी आमच्याकडच्यासारखं आहे. शाबास, पेद्रो."

पेद्रो. जहाजावर वाढपी बदलत गेले, पण कप्तानाच्या लेखी सगळे पेद्रोच होते. पिदियोने ते ऐकलं आणि त्याची मान ताठ झाली. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते वाक्य एकदाचं पदरात पडलं होतं. नाव कुणाचं का असेना.

बायकोने भोवती पाहिलं. "आईंचं फारसं कुणी नव्हतं वाटतं?"

"नाही," पिदियो म्हणाला. "फारसं कुणी नाही."

लुर्दिताला इंग्रजी जेमतेम कळायचं. एवढं कळलं. ती उठली आणि मागच्या दाराने निघून गेली. पिदियोचं लक्षच नव्हतं. तो पाहुण्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेला, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, गाडीचं दार उघडून धरलं, गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिला.

आणि मग त्याला हे कुणाला तरी सांगायचं होतं. इतकी मोठी शाबासकी एकट्याने कशी पचवायची? पाय आपोआप गोर्योच्या अंगणाकडे वळले.

अंगण खचाखच भरलं होतं. पत्त्यांची तीन टेबलं मांडलेली, पुरिंग रडीचा डाव खेळत होती आणि चार जण तिच्यावर ओरडत होते. चुलीवर पेज उकळत होती. कुणीतरी माइक धरून म्हातारीचं आवडतं गाणं बेसूर म्हणत होतं, आणि लुर्दिता पायरीवर बसून रडत, हसत, त्याच्या मागोमाग म्हणत होती. भिंतीला टेकून खुर्चीवर लोला तिकायचा फोटो ठेवला होता. त्यापुढे भात, तळलेली मासळी. कालपासून सगळी गल्ली इथेच जागत होती. मयत तेवढं नव्हतं.

पिदियो फाटकात उभा राहिला. गाणं थांबलं.

"कप्तान येऊन गेला," तो म्हणाला. त्याचा चेहरा नुसता उजळला होता. "म्हणाला, अगदी आमच्याकडच्यासारखं. सभ्य, म्हणाला. आपल्या लोकांबद्दल आजवर कुणी असं बोललं नव्हतं."

गोर्योने हातातले पत्ते टेबलावर उपडे ठेवले.

"नोंग, आणि लोलापाशी कोण बसलंय?"

पिदियोने आधी लुर्दिताकडे पाहिलं. ती पायरीवरून ताडकन उठली होती.

"तू होतास ना तिथे? मी तुझ्या भरवशावर आले," ती म्हणाली.

"मी... पाहुण्यांना पोचवायला..."

कुणी त्याला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कुणी दिली नाही. गोर्योने पत्ते गोळा केले. पुरिंगने पेजेचं भांडं फडक्यात धरून उचललं. बाकीच्यांनी टेबलं खांद्यावर घेतली, माइक, खुर्च्या, फोटो उचलला, आणि सगळे धावतपळत त्याच्या अंगावरून पुढे गेले. त्याला धक्के लागत होते. तोही वळला, तशी मागून आलेली लुर्दिता थांबली.

"तू नको येऊस. आईचं फारसं कुणी नव्हतं, असं तूच सांगितलंस ना त्या बाईला? आम्ही बसतो तिच्यापाशी. तू तुझी शाबासकी घेऊन इथेच बस."

ती धावली. पलीकडच्या दुमजली घरातून थोड्याच वेळात गाण्याचा आवाज यायला लागला, गोर्योचं ओरडणं, पुरिंगचं भांडण. पिदियो रिकाम्या अंगणात एका कुशीवर पडलेल्या बाकाशी उभा होता. मग त्याने तो बाक सरळ केला, आणि सांगितल्याप्रमाणे बसला.