चंद्राची ओवाळणी

माझ्या बायकोला सख्खा भाऊ नाही, चुलत नाही, मावसही नाही. त्यामुळे ती भाऊबिजेला चंद्राला ओवाळते. आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. फरक इतकाच, की बाकीच्या बायका चंद्राला ओवाळतात आणि आत येऊन जेवतात, सुप्रभा त्याच्याशी भांडते. उशीर का केलास, गेल्या वर्षी तोंड का दाखवलं नाहीस, आणि इतकी वर्षं नुसतं ओवाळून घेतोस, ओवाळणीच्या नावानं मात्र पूज्य!

एकदा मला तिची दया आली आणि मी चंद्राच्या वतीनं तबकात गुपचूप एक पाकीट ठेवलं. तिनं ते उचलून परत माझ्या खिशात कोंबलं.

"अहो, तुमची ओवाळणी मी पाडव्याला घेतली. भावाचं भाऊ बघेल."

सुप्रभा कार्डिफच्या एका इस्पितळात सिस्टर आहे, हाडांच्या वॉर्डात. मी त्याच इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या सांभाळतो. त्याआधी नऊ वर्षं आम्ही दोघं मस्कतला होतो आणि या बाईचं चंद्राशी जे काही जमलं ते तिथंच.

मस्कतमध्ये सुट्टी कॅलेंडरवर छापलेली असे, पण तिच्यावर विश्वास कुणी ठेवत नसे. मोहरमचं नवं वर्ष, पैगंबरांचा जन्मदिवस, दोन्ही ईद, सगळं चंद्रावर. ईद उद्या की परवा हे संध्याकाळी टीव्हीवर सांगत. तोवर अख्खं शहर नुसतं खोळंबलेलं. दिवाळी तिथं साधा कामाचा दिवस. रमजानात ऑफिसं दुपारीच बंद व्हायची, आणि दिवसा उघड्यावर पाणीसुद्धा प्यायचं नाही. सुप्रभा तिथल्या इस्पितळात चादरींच्या खोलीत दार लावून पोळीभाजी खायची आणि बाहेर येताना चोरासारखी तोंड पुसायची. पहिल्या वर्षी तिची फार चिडचिड झाली. दुसऱ्या वर्षापासून ती स्वतःच डबा नेईनाशी झाली. म्हणाली, "शेजारचा माणूस उपाशी असताना मला पोळी गिळवत नाही. घरी येऊन खाईन."

आमच्या खालच्या मजल्यावर उम्म सालिम राहायच्या. बलुची घरातल्या, हिंदी छान बोलायच्या. पहिल्या भाऊबिजेला सुप्रभा तबक घेऊन गच्चीवर गेली, तर या बाई आधीच तिथं उभ्या, पश्चिमेकडे डोळे लावून. चंद्रकोर दिसली तशी त्यांनी हात वर करून दुआ मागितली आणि हिनं ओवाळलं. मग दोघींनी एकमेकींना विचारलं, तू हे काय केलंस? उम्म सालिम म्हणाल्या, आमचा नवा महिना लागला. सुप्रभा म्हणाली, माझा भाऊ आला. उम्म सालिमना यात काहीच विचित्र वाटलं नाही. उलट पुढच्या वर्षीपासून त्याच हिला खालून हाक मारायच्या, "सुप्रभा, चल, तेरा भाई निकला."

कार्डिफला आलो आणि हा भाऊ बेपत्ता झाला. इथं नोव्हेंबरात आभाळ म्हणजे ओलं घोंगडं. पाच भाऊबिजा तिनं मागच्या अंगणात ढगांना ओवाळलं. पण आधी मस्कतला फोन करायचा, "दिसला का?" असं विचारायचं, उम्म सालिम हो म्हणाल्या की मगच निरांजन लावायचं. तिथं संध्याकाळ इथल्या चार तास आधी होते, त्यामुळे भावाची खबर हिला दुपारीच मिळायची.

आता सलमाकडे येतो. सलमा हिच्या वॉर्डातली नर्स, कार्डिफमध्येच जन्मलेली, आजोबा येमेनहून जहाजावर आलेले. तिचा भाऊ इद्रिस मस्कतला इंजिनियर. २००५ साली तो सहा वर्षांनी ईदला घरी येणार होता, चार दिवस. रविवारी सकाळी परत जायचं विमान. सहा वर्षांनी आई, भाऊ, बहीण एका ताटाला बसणार होते, आणि सलमाला रजा मिळाली होती एकच दिवसाची. ईद मात्र शुक्रवारी असेल किंवा शनिवारी. दिवस चुकला तर भाऊ घरी ईद करणार आणि ही वॉर्डात लोकांच्या पायांची प्लास्टरं बघणार. आदल्या दोन वर्षी तिची ईद अशीच वॉर्डात गेली होती.

वॉर्ड मॅनेजर हेलन वाईट बाई नाही. पण तिच्या देशात बँक हॉलिडे सोमवारी येतो, वेळेवर येतो आणि वर्षभर आधी सांगून येतो. ती म्हणाली, सण कोणत्या दिवशी आहे हे माणसांना ठाऊक नसतं म्हणजे काय?

"हेलन, तुझा ईस्टर तरी दर वर्षी एका तारखेला येतो का?" सुप्रभानं विचारलं. "तोही चंद्रावरच ठरतो."

"हो, पण छापून येतो," हेलन म्हणाली.

मग सुप्रभानं तोडगा काढला. सलमाची रजा रोटावर, म्हणजे ड्यूटीच्या तक्त्यावर, दोन्ही दिवशी पेन्सिलनं लिहायची. गुरुवारी दुपारी तीनपर्यंत एक दिवस नक्की करायचा, आणि त्या दिवशीची सलमाची लेट शिफ्ट सुप्रभा स्वतः करणार. हेलन तयार झाली, पण एका अटीवर. तीननंतर बदल नाही.

आता गंमत बघा. गुरुवारी होती भाऊबीज. म्हणजे सलमाच्या ईदचा आणि माझ्या बायकोच्या भावाचा चंद्र तोच. पण सलमाची मशीद निर्णय देणार संध्याकाळी, आणि हेलनला उत्तर हवं तीनला.

दुपारी दोन वाजता सुप्रभानं जिन्यात उभं राहून मस्कतला फोन लावला. उम्म सालिमनी स्वतःच्या डोळ्यांनी कोर पाहिली होती. अगदी बारीक, नखाएवढी. सुप्रभा वॉर्डात आली, पेन्सिल खोडली आणि पेननं लिहिलं: सलमा, शुक्रवार.

सलमा घाबरली. तिची आई मशिदीच्या शब्दाबाहेर एक खजूरसुद्धा खाणार नाही. मशीद शनिवार म्हणाली तर? सुप्रभा तिला म्हणाली, माझा भाऊ मला फसवणार नाही. हे सगळं तिनं मला घरी येऊन सांगितलं तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला होता.

"अहो, मी जरा ओव्हरकॉन्फिडंट झाले का? तिथं दिसला म्हणजे इथले लोक मानतीलच असं थोडंच आहे! बिचारीचा एक दिवस होता, तो मी जुगारात लावला."

साडेचारला ती अंगणात गेली, कोट घालून, तबक घेऊन. आभाळात राखाडी रंगाशिवाय काही नव्हतं. वाऱ्यानं निरांजन तीनदा विझलं. तिनं ओवाळलं आणि मग नेहमीसारखी भांडली नाही. हात जोडून नुसतं म्हणाली, "बहिणीची लाज राख रे बाबा." इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडे स्वतःसाठी ओवाळणी मागितली ती थट्टेत. खरं मागणं हे पहिलंच, आणि तेही दुसऱ्या बाईच्या भावासाठी.

श्रीखंड तसंच राहिलं. ती फोनसमोर बसून राहिली. सहा वाजले, सात वाजले. मी टीव्ही लावला, तिनं बंद केला. पावणेआठला फोन वाजला. पलीकडे इतका आरडाओरडा, की मला सोफ्यावर ऐकू आलं. मशिदीनं जाहीर केलं होतं. ईद उद्या, शुक्रवारी.

सुप्रभानं फोन ठेवला आणि एका दमात दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

शुक्रवारी तिनं सलमाची शिफ्ट केली. मी लॅबमधून सुटलो आणि पाच वाजता, तिच्या ब्रेकच्या वेळी, तिला भेटायला कार पार्कात गेलो. ती निळ्या युनिफॉर्मवर कार्डिगन चढवून बाहेर आली. तेवढ्यात एक गाडी आली आणि सलमा उतरली, हिरव्या कपड्यांत, हातभर मेंदी. मागून एक उंच, लाजरा माणूस, काखेत गोल डबा. इद्रिस. सलमानं त्याला महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं, की आमच्या सिस्टर नऊ वर्षं मस्कतला होत्या, त्यांना तिथला हलवा हवा.

"ये आपके लिए," तो तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाला. "वहाँ से लाया।"

सुप्रभानं डब्यासाठी हात पुढे केला आणि थांबली. इद्रिसच्या खांद्यावरून ती पलीकडे बघत होती. सुपरमार्केटच्या सपाट छपरावर ढग जरा फाटले होते आणि त्या फटीत, जमिनीला टेकायला आलेला, चंद्र होता. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"आला बघा," ती म्हणाली. "एक दिवस उशिरा. भाऊ कधी वेळेवर आलाय?"

तबक नव्हतं. इस्पितळाच्या आवारात काडी ओढायची नाही. तिनं खिशातला छोटा टॉर्च काढला, पेशंटच्या डोळ्यांत टाकतात तो, पेटवला आणि चंद्राला तीनदा ओवाळलं. सलमानं हात वर करून दुआ मागितली. इद्रिस डबा धरून गोंधळून उभा होता. मीही उभा होतो, नाक ओढत, आणि थंडीचं निमित्त होतंच.

मग सुप्रभा इद्रिसकडे वळली. ओवाळणी पदरात घ्यायची असते, आणि युनिफॉर्मला पदर नसतो. तिनं कार्डिगनची दोन्ही टोकं पुढे धरली आणि म्हणाली, "घाल."