उपाशी हमालाला धपाटी

आधी चहा संपवा, मग सांगते. नाहीतर ठसका लागेल! सिंगापुरात चांगल्या चाळीस माणसांत मी नातीचं नाक कापलं, त्याची गोष्ट आहे.

लेकाकडे बुकित तिमाहला गेले होते. तिथून लांब, शहरात नदीकाठी खलाशांची जुनी खानावळ आहे, आता तिचं म्युझियम केलंय. पूर्वीचे लोक काय खात, कसे राहत, ते दाखवतात. माझी नात इरा तिथे गाईड म्हणून लागायची होती. पहिलाच दिवस! जमलं तर सुट्टीभर काम.

"आजी, प्लीज, तोंड उघडायचं नाही हं," एमआरटीत, म्हणजे तिकडच्या मेट्रोत, तीनदा बजावलं तिने.

पण ती सुरुवातीला सगळं समजावून सांगत होती, नेमकं तेव्हाच मला बाथरूमला जावं लागलं, त्याला मी काय करू? दाराशी पाटी होती म्हणे. मला कुठे वाचता येतंय!

परत येते तर काय! एक हाडकुळा हमाल पोटावर हात मारत मालकाच्या पाया पडतोय, आणि तो लठ्ठ मालक त्याच्यापुढची पेजेची वाटी ओढून घेतोय! लोक खुशाल मोबाईलवर फोटो काढतायत. आणि आमची इरा? गालात हसतेय!

आता सांगा, कसं गप्प बसवेल?

"अरे मेल्या, वाटीभर पेजेसाठी जीव घेतोस काय त्याचा?" मी मालकाच्या अंगावरच गेले. तो दोन पावलं मागे! हमालाला बाकावर बसवलं, पिशवीतून डबा काढला. चार धपाटी, वर लसणाची चटणी. "खा रे बाळा."

त्याने इराकडे पाहिलं. मी डोळे वटारले. बसला गुमान खायला! चटणीने डोळ्यांतून घळाघळा पाणी. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

इरा कानाशी आली, रडकुंडीला. "आजी, नाटक आहे ते! आत्ताच दोन प्लेट चिकन राईस खाल्लाय त्याने!"

तेवढ्यात तिथल्या मोठ्या बाई आल्या. गेलं पोरीचं काम, म्हटलं. पण बाई हसत होत्या. तीनचा खेळ नीट झाला तर काम पक्कं म्हणाल्या. फक्त आजी मागच्या रांगेत!

बसले हो, तोंडाला पदर लावून. तीनच्या खेळाला हमाल परत पाय धरून कोसळला. इरा गंभीर आवाजात सांगतेय, तीन दिवस याच्या पोटात अन्नाचा कण नाही. सगळे चिडीचूप...

आणि हमालाने अशी ढेकर दिली म्हणता! लसणाचा वास थेट मागच्या रांगेपर्यंत. लोक हसून हसून लोळले!

लोक इतके खूष झाले, की काम मिळालं इराला. पुढच्या शनिवारी गेले तर दाराशी दुसरी पाटी. इराने मोठ्याने वाचून दाखवली, "कृपया नटांना खायला घालू नये."