एकादशीची लाल लिपस्टिक
फसवलं माझ्या काकूला, मी बारावीत असताना, आषाढी एकादशीच्या भर दुपारी, आमच्या शहरातल्या सेक्टर ३४ मधल्या, गुलाबाच्या अत्तराने घमघमणाऱ्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात. गुलाबाचा उग्र वास आला की अजून तेच दुकान आठवतं. काकूने लाल लिपस्टिक लावून पाहिली, तेव्हा विक्रेती म्हणाली, "आंटीजी, नॅचरल है, पक्का व्हेज." मला संशय आला. खोक्यावरचा ७५४७० हा रंगाचा क्रमांक मोबाइलवर शोधला, तर निघाला वाळवून कुटलेल्या किड्यांचा रंग! काकू पदराने ओठ खसाखसा पुसत म्हणाली, "जिभेला लागलं गं. उपास मोडला का माझा?" मी "नाही" म्हणाले. तिच्याशी खोटं बोलावं लागलं, तो राग आजही आहे. तुमची लिपस्टिक आत्ता काढा, क्रमांक वाचा, आणि तोच असेल तर दुकानदाराला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर 'किडे' म्हणायला लावा.