भाऊजींची तेलाची बुधली

गाडीच्या ब्रेकला तेल घालणारा माणूस असू शकतो, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझा बसतो, कारण तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे.

भाऊजींना आवाज सहन होत नाही. दार करकरलं, पंखा कुरकुरला की ते हातातला चहा खाली ठेवतात आणि लांब चोचीची तेलाची बुधली घेऊन निघतात. आत शिलाई मशीनचं तेल. घरातल्या प्रत्येक बिजागरीखाली त्याचा काळा ओघळ आहे आणि ओघळाला चिकटलेले केस, धूळ, मेलेल्या मुंग्या. मला त्याची शिसारी येते. आल्यागेल्याला मात्र भाऊजी दारांची उघडझाप करून दाखवतात. "काही ऐकू येतंय?" पाहुणे बिचारे नाही म्हणतात आणि भाऊजींची छाती फुगते.

माणसांनाही तोच उपाय. ताई गुडघा दुखतो म्हणाली की, "तेल चोळ आणि कुरकुर बंद कर." गुडघा दुखायचा काही थांबला नाही, ताईचं सांगणं थांबलं. वर नातेवाइकांत कौतुक काय, तर यांच्या घरात कधी आवाज चढत नाही!

अशा घरात एक दिवस गाडीचा ब्रेक वाजायला लागला. दाबला की पुढचं डावं चाक किंचाळायचं. गाडी ताई चालवते. भाचीला रोज शाळेत सोडते, आणि शाळा आहे उताराच्या तळाशी. तिने भाऊजींना पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. नेहमीच्या मेकॅनिकने तर माझ्यादेखत त्यांना रस्त्यात गाठलं. "साहेब, ब्रेकचे पॅड झिजत आले की आतली पट्टी डिस्कला घासते. ती ओरडावी म्हणूनच बसवलेली असते. गाडी आणून टाका."

तो गेल्यावर भाऊजी मला म्हणाले, "लोकांना घाबरवायचं, हाच यांचा धंदा."

सुट्टीच्या दिवशी ते अंगणात उकिडवे बसले, चाकाच्या फटीतून चोच आत घातली आणि सगळी बुधली आत रिकामी केली. फक्त डाव्या चाकात. उजवं बिचारं गप्प होतं, त्याला कशाला शिक्षा. आम्हाला या पराक्रमाचा पत्ता नव्हता. जेवताना फक्त ऐटीत म्हणाले, "उद्या चालवून बघ. आवाज आला तर मला सांग."

आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेला निघालो तेव्हा मी आणि भाची मागे बसलो होतो. पहिल्याच वळणावर ताई म्हणाली, "गाडी जरा उजवीकडे ओढतेय का गं?" एवढं बोलेपर्यंत आम्ही उताराला लागलो होतो. शाळेपुढे गाड्यांची रांग होती आणि समोरून पाण्याचा टँकर चढत होता. ताईने ब्रेक दाबला. गाडी थांबायची सोडून उजवीकडे वळली, थेट टँकरच्या तोंडाशी. ताईने सगळा जोर लावून स्टीअरिंग डावीकडे फिरवलं, हँडब्रेक खेचला, आणि आम्ही फुटपाथवर चढून कचऱ्याच्या डब्यांत घुसलो.

काचेवरून कुजलेलं काहीतरी सावकाश खाली ओघळत होतं. भाचीचा ओठ फुटला होता. ती दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती, पण रडत नव्हती. त्या घरात वाढलेली मुलगी, आवाज कसा करणार! तेव्हा मला भाऊजींचा जेवढा तिटकारा आला, तेवढा आजवर कुणाचा आला नव्हता.

गाडी ओढून मेकॅनिककडे नेली. भाऊजीही धावत आले. मेकॅनिकने जॅक लावून चाक काढलं, आत काळा चिकट राडा. त्याने बोट लावून वास घेतला. "यात तेल कुणी ओतलं?"

"थोडंसंच," भाऊजी म्हणाले. "आवाज येत होता ना."

"डाव्याची पकडच गेली. उजवं एकटं धरत होतं, म्हणून गाडी तिकडे वळली." त्याने पॅड काढून दाखवले. नखाएवढीसुद्धा जाडी उरली नव्हती, आणि डिस्कवर खोल चरे.

"मग डावीकडचेच बदला," भाऊजी म्हणाले. "उजवे काही वाजत नाहीत."

शेजारी पोरगी ओठावर कापूस धरून उभी.

"दोन्हीकडचे बदला," ताई म्हणाली. "डिस्कही दोन्ही. मी बसते इथे." आणि ती स्टूल ओढून चाकासमोर बसली. मेकॅनिक काम करता करता तिला सांगत होता, निघण्याआधी पॅडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहायचं, सुरुवातीला ब्रेक हळूहळू मारायचा, नव्या पॅडना डिस्कवर बसायला वेळ लागतो. तिने सगळं नीट विचारून घेतलं. भाऊजींना कुणी काही विचारलं नाही. ते रुमालाने हात पुसत दारात उभे होते.

घरी आल्यावर थोड्या वेळाने ताईने स्वयंपाकघराचं दार उघडलं, ते करकरलं. भाऊजी सवयीने उठले, फळीवर चाचपायला लागले.

"बुधली कुठाय?"

"टाकली."

"अगं, पण दार वाजतंय."

"वाजू दे," ताई म्हणाली.

तेवढ्यात भाची म्हणाली, "बाबा, माझा ओठ दुखतोय." चांगलं मोठ्याने म्हणाली. भाऊजी फळीशी तसेच उभे राहिले, हातात घ्यायला काहीच नव्हतं.